हे खातं माझं नाही

धामणगाव बढे
मार्गशीर्षातला गुरुवार

प्रिय अर्पिता,

पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळे बरे आहेत. तुझ्या आजीचा खोकला आहे तसाच आहे आणि तिची जीभही आहे तशीच आहे. काल तिने शेजारच्या मांजरीला इतकं सुनावलं की ती बिचारी आज फिरकलीच नाही. तुझे बाबा हरभऱ्याला पाणी द्यायला शेतात गेलेत. मी मशीनवर बसले होते. शाळेच्या गणवेशाचे थोडे शर्ट राहिलेत, त्यांची काज-बटणं करायची आहेत. ते बाजूला सारून लिहायला बसले. तू म्हणशील, रोज तर फोन होतो, मग पत्र कशाला? रोज फोन होतो म्हणूनच. तू फोन उचलतेस आणि पहिला शब्द म्हणतेस, 'हं, आई'. तो शब्द कानावर पडला की मला जे सांगायचं असतं ते राहूनच जातं. मग मी विचारते, जेवलीस का, मेसमध्ये भाजी कुठली होती, पांघरूण पुरतं का. मनाशी ठरवून दोन-तीनदा फोन लावला आणि दर वेळी भाजीवरच बोलून ठेवला. कागद मध्येच 'आई' म्हणत नाही, म्हणून कागद घेतला.

बँकेने तुझ्या शिक्षणाचं कर्ज नाकारलं आणि सिबिलचा काहीतरी घोळ आहे, माझ्या नावावर कुठलंतरी जुनं थकलेलं कर्ज दिसतंय, एवढंच मी तुला सांगितलं होतं. पहिल्या वर्षाची फी माझ्या पाटल्यांवर भागली. दुसऱ्या वर्षाची भरायला कॉलेजने संक्रांतीपर्यंत थांबायचं कबूल केलंय, हे तुला माहीत आहेच. बचत गटाचे गणवेशाचे पैसे माझ्या खात्यावर येतात, म्हणून मॅनेजर म्हणाले होते की सहअर्जदार म्हणून आईच बरी. मी नवीन साडी नेसून गेले होते गं. त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवला आणि एका लाल ओळीवर बोट ठेवलं. महिलांच्या गटाला देतात तसलं कर्ज, तू अंगणवाडीत जायचीस त्या वर्षी घेतलेलं, काही हप्ते भरलेले, मग बंद. कंपनीने ते बुडीत धरून दुसऱ्या कंपनीला विकलं आणि त्यांनी वसुलीच्या एजन्सीकडे दिलं. मला आधी हसू आलं. त्या वर्षी मी माहेरी होते, बिनलग्नाची, बाबांच्या म्हशी सांभाळत होते. मला कोण कर्ज देणार होतं? मी म्हटलं, साहेब, हे खातं माझं नाही. ते म्हणाले, नाव तुमचं, नवऱ्याचं नाव तुमचं, गाव तुमचं, जन्मतारीख तुमची, मतदान कार्डाचा नंबरही तुमचाच. जन्मतारीख ऐकली आणि मला उमगलं की ते खातं कुणाचं आहे. मग माझ्याच्याने हसवेना.

ती तारीख माझी नाहीच. मी श्रावणातली. माझं नावही माझं नाही. तुला हे अर्धंमुर्धं ठाऊक आहे, पण आपल्या घरात या गोष्टीवर कधी कुणी तोंड उघडलं नाही, म्हणून मीच आता पहिल्यापासून सांगते. माझं नाव छकुली. हस हस, मलाही हसू येतं. शाळेत नाव घालायला माझी आजी गेली होती. गुरुजींनी मुलीचं नाव विचारलं आणि ती म्हणाली, छकुली. गुरुजींनी तसंच लिहून घेतलं. दहावीपर्यंत हजेरीत 'छकुली रामराव' अशी हाक यायची आणि मागच्या बाकावरची पोरं दात काढायची. तरी मला ते आवडायचं. आमच्या बाबांच्या तोंडून तर ते फार गोड लागायचं. शेवटच्या आजारपणात त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, पण मी पाणी पाजायला वाकले की बरोबर 'छकुली' म्हणायचे. ते गेले आणि त्या नावाने हाक मारणारं माणूस या जगात उरलं नाही.

लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि तुझ्या बाबांनी अंगठीने नाव लिहिलं. मी पदराआडून वाचलं, 'रुख्मिणी'. मला वाटलं, माणूस बिचारा पहिल्या बायकोच्या दुःखात आहे, सवयीने तिचंच नाव लिहून बसला. मी त्यांना सावरायला जाणार तेवढ्यात तुझी आजी म्हणाली की हेच नाव ठरलंय. छकुली हे काय संसारी बाईचं नाव आहे का, असंही वर म्हणाली. गळ्यात तुझ्या आईचा चांदीचा टाक, गेलेल्या सवतीची प्रतिमा, घातला. दुसरेपणाची म्हणून तो घालायचा हे मला घरून सांगून ठेवलंच होतं, त्याचं काही वाटलं नाही. पण नाव तेच ठेवणार, हे कुणी सांगितलं नव्हतं. गळ्यात तिचा टाक, कपाळावर तिचा नवरा आणि वर तिचंच नाव. संध्याकाळी वरात दारात आली. तू उंबरठ्याच्या आत उभी होतीस, निळ्या फ्रॉकमध्ये, केसांना भरपूर तेल लावलेली. आजीने तुला पुढे केलं आणि म्हणाली, "पाह्य, तुही माय आली. रुख्मिणी आली."

तू माझा पदर उचललास, खालून वर नीट पाहिलंस आणि म्हणालीस, "हे माही माय नाही."

 मग कुणीतरी हसलं, कुणीतरी तुझ्या दंडाला चिमटा काढून तुला आत नेलं, आणि मी माप ओलांडलं. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. मला तुझा राग आला होता, खोटं कशाला सांगू? माझ्याच दारात, माझ्याच वरातीपुढे एवढ्याशा पोरीने मला परत पाठवल्यासारखं वाटलं. स्वयंपाकघरातून तुझं रडणं ऐकू येत होतं आणि मीही इकडे पाटावर बसून रडत होते. बायकांना वाटलं, माहेर सुटलं म्हणून नवरी रडतेय.

नावाचा आणखी एक फायदा घरच्यांनी बघितला. रेशन कार्डात रुख्मिणी होतीच, गॅसच्या पुस्तकात होतीच, मतदान कार्डही तयार होतं. कोण तहसीलला खेटे घालणार? तुझ्या बाबांनी मतदान कार्डात फोटो दुरुस्तीचा अर्ज दिला आणि तिच्या जागी माझा फोटो आला. त्याच कार्डावर माझं आधार निघालं, बँकेचं खातं निघालं, पॅन निघालं. कुणाच्याही मनात पाप नव्हतं, अर्पिता. घरात एक ताट रिकामं झालं होतं, त्यावर दुसरीला बसवलं, इतकाच त्यांचा हिशोब. तुझ्या शाळेच्या दाखल्यावरही आईचं नाव रुख्मिणी. फॉर्म भरताना तू ते लिहायचीस आणि मी बाजूला उभी असायची. त्यातली रुख्मिणी कोणती, हे ना तू कधी सांगितलंस, ना मी कधी विचारलं.

समताच्या ऑनलाइन सेंटरवर गेले. तुझ्या वर्गात होता त्या अश्वजितची मोठी बहीण. बौद्धवाड्याच्या कमानीजवळ तिने आता चांगलं दुकान थाटलंय. तिने माझा रिपोर्ट काढला आणि म्हणाली, मावशी, डिस्प्यूट म्हणजे तक्रार टाकू, महिनाभरात उत्तर येतं. टाकला. पण घाईत तिच्याकडून चुकीच्या चौकोनात खूण झाली. 'खातं माझं नाही' याऐवजी 'रक्कम चुकीची आहे' असं गेलं. महिन्याने उत्तर आलं की रक्कम तपासली, बरोबर आहे. म्हणजे आपणच कबूल केल्यासारखं झालं. समता इतकी हिरमुसली की मलाच तिला चहा पाजावा लागला. पुन्हा टाकला, या वेळी नीट. तो गेला आणि मग एजन्सीचे फोन सुरू झाले.

फोनवर रवी नावाचा मुलगा असतो, बुलढाण्याचाच. सुरुवातीला फार चढ्या आवाजात बोलायचा, वकिलाची नोटीस येईल, घरी माणसं येतील. मी म्हटलं, ये रे बाबा, येताना तुझ्या आईलाही आण, जेवून जा. दोन-चार फोनांनंतर तो मऊ झाला. त्याला मी सगळं सांगितलं, की ज्या रुख्मिणीने कर्ज घेतलं ती केव्हाच वारली, मी दुसरी. तो म्हणाला, "मावशी, कागदावर रुख्मिणीबाई जित्या आहेत, अन् त्या तुम्हीच आहा." मृत्यूचा दाखला असेल तर पाठवा, म्हणाला. तो असता तर मी त्याच्याशी कशाला बोलत बसले असते?

दाखला का नाही, तेही ऐक. तुझी आई कावीळ झाली म्हणून पिंपळगाव राजाला माहेरी गेली होती. तिथे झाडपाला झाला. मग फारच झालं तेव्हा जीपमध्ये घालून खामगावला निघाले, आणि ती वाटेतच गेली. ना या गावात, ना त्या गावात. माहेरच्यांना वाटलं की लेक दिल्या घरची, नोंद सासरचे करतील. आपल्याकडे वाटलं की तिकडे गेली, तिकडेच लिहिलं असेल. मी दोन्ही ग्रामपंचायतींत जाऊन रजिस्टर बघायला लावलं. ती कुठेच गेलेली नाही. रवीने एक गोष्ट हळूच सांगितली, ती मला अजून सलते. त्या कर्जासोबत विमा कापलेला होता. तेव्हाच कुणी एक दाखला नेऊन दिला असता तर कर्ज त्याच दिवशी मिटलं असतं आणि वर थोडे पैसे तुझ्या नावाने आले असते. गटातल्या बायकांनी काही हप्ते आपल्या पदरचे भरले, मग गट मोडला, आणि इकडे मी रुख्मिणी होऊन बसले.

मग रवीने सेटलमेंट काढली. निम्म्याहून कमी भरा, फाइल बंद करून देतो. तुझे बाबा म्हणाले, देऊन टाक. तुझी आजी म्हणाली, देऊन टाक. तूही फोनवर म्हणालीस, भरून टाक ना आई, कशाला डोक्याला ताप. तुम्हा सगळ्यांना मी फक्त एवढंच सांगितलं की सेटलमेंट केली तरी रिपोर्टवर 'सेटल्ड' असा डाग कितीतरी वर्षं राहतो आणि बँक तेवढ्यावरूनही नाही म्हणते. ते खरंच आहे, मॅनेजरनेच सांगितलं. पण माझं कारण तेवढंच नव्हतं.

अर्पिता, ते कर्ज तुझ्या आईने कशासाठी घेतलं होतं, ते मला तिच्या गटातल्या बेबीताईंनी सांगितलं. शिलाई मशीनसाठी. मी ज्या मशीनवर बसून हे लिहितेय, त्याच मशीनसाठी. मी आले तेव्हा ते कोपऱ्यात गोणपाटाखाली होतं. मी तेल घातलं, पट्टा बदलला आणि शिवायला लागले. तुझे फ्रॉक, तुझी पहिली ओढणी, आता हे गणवेश, सगळं त्याच्यावर झालं. तेव्हा खरं बघायला गेलं तर ते पैसे मी देणं लागते, आणि द्यायला माझी काही ना नाही. वेगळे काढूनही ठेवलेत. पण 'रुख्मिणी ज्ञानेश्वर' म्हणून सही करून भरले की कर्ज घेणारी मी आणि फेडणारीही मीच. मग ती कुठे राहिली? तिचं नाव मी वापरलं, तिचं घर, तिची भांडी, तिची जन्मतारीख वापरली. तिच्या वाट्याचं मरणसुद्धा आपण तिला दिलं नाही. तिने स्वतःच्या हिमतीवर घेतलेली ही एकच वस्तू होती. तीही मी माझ्या नावे करून घ्यावी, हे माझ्याच्याने होईना. विमा कंपनीने देवो की मी देवो, पण तिचं कर्ज तिचं म्हणून फिटलं पाहिजे.

डिस्प्यूटमध्ये समताने एक मागणी लिहिली होती की मूळ कागद दाखवा. ते यायला वेळ लागला, पण आले. कर्जाच्या अर्जाची प्रत. त्यावर सही आहे, 'रुख्मिणी' अशी, एकेक अक्षर वेगळं काढलेली. आणि वर फोटो आहे. आपल्या घरात तुझ्या आईचा एकही फोटो नाही, हे तुला माहीत आहे. लहानपणी तू उतरंड हलवून, ट्रंका उपसून शोधायचीस आणि मी बघून न बघितल्यासारखं करायची. आजीने सगळे फोटो माळ्यावर टाकले होते आणि लग्नाच्या अल्बमसकट ते उंदरांनी खाल्ले. मीही तिला कधी पाहिलं नव्हतं. समताने तो फोटो मोठा करून दिला. नाक तुझं आहे गं. आणि फोटो काढताना कुणी 'हसा' म्हटलं की तू ओठ घट्ट मिटतेस ना, तशीच बसली आहे. मी तिथेच, समताच्या दुकानात, लोक रांगेत उभे असताना ओक्साबोक्शी रडले. माझी कोण लागत होती ती? पण रडले. एजन्सीने तो वसुलीचा पुरावा म्हणून पाठवला होता. तो या पत्रासोबत ठेवलाय. लॅमिनेशन करून घेतलंय, म्हणजे हातात धरून किती वेळ बसलीस तरी खराब होणार नाही.

फोटो घेऊन मी पिंपळगाव राजाला गेले, तुझ्या मनकर्णा आजीकडे. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती खाटेवरच आहे. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला तिनेच मला लेक म्हणून बोलावलं होतं, साडी नेसवली होती, पण मला नावाने कधी हाक मारली नाही. 'बाई' म्हणते. मला वाटायचं, मनातून राग असेल. त्या दिवशी फोटो तिच्या हातात दिला. तिने तो छातीवर ठेवला. मग म्हणाली, "ह्या नावानं तुले हाक माराले माहं तोंडच उघडत नव्हतं. तुहं खरं नाव काय वं?"

मी सांगितलं. त्या एवढ्या दुःखात म्हातारी हसली. छकुली, छकुली, असं दोनदा म्हणून बघितलं आणि म्हणाली, "मंग एवढ्या वर्षांत सांगतलं काऊन नाही?" मी म्हटलं, कुणी विचारलंच नाही. निघताना खाटेवरूनच ओरडून म्हणाली, छकुली, पोचल्यावर फोन कर. मी एस.टी.त बसून मोताळा येईपर्यंत खिडकीबाहेर तोंड करून होते.

आता तुझी आजी. तिच्यावर रागवू नकोस. मी रागावले होते. फोटो तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, का केलंत असं? एरवी ती दोन शब्दांवर दहा ऐकवते. त्या दिवशी पदर डोळ्यांना लावून बसली. म्हणाली, "मले वाटलं, नाव तेच राह्यलं तं पोरीले माय गेल्यावानी वाटनार नाही." लहान लेकराला फसवता येईल असं तिला वाटलं, आणि फसलो आम्ही मोठे. न फसलेली तू एकटीच. पण तुला धड रडूही दिलं नाही. आई गेली म्हणायची सोय नाही, कारण आई तर घरात भाकऱ्या थापतेय.

तू मला किती वर्षं कशानेच हाक मारली नाहीस, आठवतं? 'ऐक ना', 'अगं', नाहीतर नुसतं समोर येऊन उभं राहायचं. मीही सवय करून घेतली. पायांच्या आवाजावरून ओळखायची की तू आलीस. मग त्या दिवशी आपण बुलढाण्याच्या स्टँडवर आलो, तू पहिल्यांदा संभाजीनगरला निघालीस. राजूर घाट चढताना तुला उलटी झाली होती, वर थंडी होती, बाबा तिकिटाच्या चौकशीत होते. तू आत जाऊन खिडकीत बसलीस. गाडी हलली आणि तू खिडकीतून ओरडलीस, "आई, डबा राहिला!" डबा माझ्या हातातच होता. मी धावले, ड्रायव्हरने गाडी थांबवली, मी डबा दिला. तुझ्या लक्षातही आलं नसेल तू काय म्हणालीस. मी परतीच्या गाडीत बाबांशी एक शब्द बोलले नाही. त्यांना वाटलं, पोर गेली म्हणून मला वाईट वाटतंय. मला इतकं बरं वाटत होतं की बोलले असते तर ते सांडलं असतं.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. मोताळ्याच्या तहसीलमध्ये तुझ्या आईच्या मृत्यूची नोंद करायचा अर्ज मी दिलाय. इतक्या वर्षांनी करायची म्हणजे तहसीलदार साहेबांच्या हुकुमाशिवाय होत नाही. तो हुकूम झाला की दाखला मिळेल, दाखल्यावर ते खातं माझ्या रिपोर्टमधून निघेल, आणि मॅनेजरने शब्द दिलाय की तुझं कर्ज करतो. पण साहेबांपुढे जवळच्या माणसाचं तोंडी बयाण लागतं. बाबांचं ते धरायला तयार नाहीत, कारण त्यांनीच तर फोटो बदलून घेतला होता. मनकर्णा आजीला आणता येत नाही. राहिलीस तू. तू आता सज्ञान आहेस. हा मंगळवार सोडून पुढच्या मंगळवारी तारीख आहे. क्लार्कने मला बयाण वाचून दाखवलं. तुला शपथेवर सांगायचं आहे की फोटोतली रुख्मिणी ही माझी आई, ती वारली, आणि इथे हजर असलेली ही बाई माझी आई नाही. हे वाक्य मला फोनवर तुझ्याकडे मागता येत नव्हतं, आणि तू ते द्यायला तयार होणार नाहीस हेही मला माहीत आहे. पण दे. वरातीपुढे तू हेच म्हणाली होतीस, आणि त्या दिवशी सगळ्या माणसांत तू एकटी खरं बोलली होतीस. तेव्हा तुला चिमटा काढून आत नेलं. या वेळी साहेब लिहून घेतील. सांगताना माझ्याकडे बघू नकोस, फोटोकडे बघ, आणि रडू आलं तर मोकळी रड, तुझं ते रडणं राहून गेलंय. मी तिथे शेजारीच उभी असेन. रात्रीच्या गाडीने येऊ नकोस, सकाळची धर. स्टँडवर मी डबा घेऊन येते. बाहेर आल्यावर मला काय म्हणायचं ते तुझं तू ठरव. काहीच म्हणाली नाहीस तरी तुझ्या पायांचा आवाज मला ओळखू येतो.

तुझीच,
छकुली